जन्मजात असण्याची अट

मुलानं किंवा मुलीनं धीर करून घरात सांगितलं, की मला माझ्यासारख्याच मुलाविषयी, माझ्यासारख्याच मुलीविषयी ओढ वाटते, तर पुढच्या चार वाक्यांत एक प्रश्न हमखास येतो: "हे जन्मापासूनच आहे का?" विचारणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा वाईट नसतो. उत्तर 'हो' आलं तर आईवडिलांच्या मनावरचं ओझं उतरतं. संस्कार कमी पडले नाहीत, संगत वाईट नव्हती, कुणाची चूक नाही. उत्तर 'ठाऊक नाही' असं आलं, तर दुसरा प्रश्न तयारच असतो: मग बदलता येईल का?

हाच प्रश्न पुढे मोठा होऊन न्यायालयांत आणि संसदेत जातो. समलिंगी माणसांच्या हक्कांची बाजू घेणारे म्हणतात, हे उपजत आहे, म्हणून स्वीकारा. विरोध करणारे म्हणतात, हे समाजातून आणि माध्यमांतून शिकलेलं आहे, म्हणून रोखा. वर वर कडाक्याचं भांडण दिसतं, पण खाली दोघांचं एकमत असतं: उपजत असेल तरच मान द्यायचा. मला हे एकमतच मान्य नाही. लैंगिक ओळखीविषयी समाजशास्त्र गेली पन्नास-साठ वर्षं जे सांगत आलं आहे, ते शांतपणे ऐकलं तर कळतं, की माणसाच्या सन्मानाचा निकाल प्रयोगशाळेवर सोपवणं ही मुळातली चूक आहे. आणि ही चूक महागात पडलेली आहे.

वाद तसा जुना आहे. 'होमोसेक्शुअल' या शब्दाइतकाच जुना. कार्ल हाइनरिख उल्रिक्स हा जर्मन कायदेतज्ज्ञ १८६७ मध्ये म्युनिकला कायदेपंडितांच्या परिषदेत उभा राहिला आणि पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांना तुरुंगात टाकणारे कायदे काढून टाका, असं सांगू लागला. आरडाओरडा होऊन त्याचं भाषण बंद पाडण्यात आलं. उल्रिक्सचा सिद्धान्त असा, की या पुरुषांच्या देहात स्त्रीचा आत्मा असतो. निसर्गानंच त्यांना तसं घडवलेलं असल्यानं शिक्षा करणं अन्याय आहे. त्याच्याशी पत्रव्यवहार असलेला हंगेरियन लेखक कार्ल मारिया केर्टबेनी यानं १८६८ च्या एका पत्रात 'होमोसेक्शुअल' आणि 'हेटरोसेक्शुअल' हे दोन्ही शब्द वापरले. पुढच्याच वर्षी निनावी पत्रकांतून त्यातला पहिला शब्द छापला गेला. केर्टबेनीला कायदा रद्द व्हायला हवाच होता, पण उल्रिक्सचा युक्तिवाद त्याला धोक्याचा वाटला. हा कल उपजत आहे की नाही हे कोडं अभ्यासकाला रंजक वाटेल, कायद्याला त्याच्याशी काय करायचं आहे, असं त्याचं म्हणणं होतं. दोन प्रौढ माणसं परस्परसंमतीनं, तिसऱ्याला इजा न करता जे करतात, त्यात राज्यसंस्थेनं पडू नये, एवढंच त्याला पुरेसं वाटत होतं.

दीडशे वर्षांनंतरही मला केर्टबेनीचं म्हणणं उल्रिक्सपेक्षा पुढचं वाटतं. पण चळवळीनं वाट धरली ती उल्रिक्सची. बर्लिनचा डॉक्टर मॅग्नस हिर्शफेल्ड यानं १८९७ मध्ये या प्रश्नावर काम करणारी समिती स्थापन केली आणि १९१९ मध्ये लैंगिकशास्त्राची संस्था उभारली. हा निसर्गातलाच एक प्रकार आहे, हे सिद्ध करण्यात त्यानं आयुष्य वेचलं. त्याच्या धैर्यापुढे मान झुकते. मात्र मे १९३३ मध्ये नाझींनी ती संस्था लुटली, तिथली पुस्तकं चौकात जाळली, १९३५ मध्ये कायदा आणखी कडक केला आणि हजारो पुरुषांना समलिंगी कैद्याची खूण म्हणून गुलाबी त्रिकोण लावून छळछावण्यांत धाडलं. उपजत असल्याच्या दाव्यानं त्यांना वाचवलं नाहीच. उलट शरीरातच काही वेगळं असेल तर ते दुरुस्त करता येईल, या हिशेबानं डॉक्टर पुढे आले. १९४४ मध्ये बुखेनवाल्ड छावणीत कार्ल व्हेर्नेट या डॅनिश डॉक्टरनं कैद्यांच्या शरीरात संप्रेरकांच्या कृत्रिम ग्रंथी बसवण्याचे प्रयोग केले. असं फक्त हुकूमशाहीत घडलं म्हणावं, तर लोकशाही ब्रिटनमध्ये १९५२ मध्ये गणितज्ञ ॲलन ट्युरिंग दोषी ठरला आणि तुरुंग टाळण्यासाठी त्याला संप्रेरकांचे उपचार पत्करावे लागले. दोन वर्षांनी तो गेला. 'निसर्गानं असं घडवलं' असं म्हटलं, की 'मग निसर्गाची चूक आम्ही सुधारतो' असं म्हणणारा कुणीतरी जवळच उभा असतो.

समाजशास्त्र या चर्चेत आलं ते बरंच उशिरा, आणि आल्या आल्या त्यानं प्रश्नच फिरवला. १९६८ मध्ये मेरी मॅकिंटॉश या ब्रिटिश अभ्यासक महिलेनं एक छोटा लेख लिहिला. डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ 'समलैंगिकता कशामुळे होते' हे शोधत होते. मॅकिंटॉश म्हणाल्या, की हा आजार नव्हे, ही समाजानं नेमून दिलेली एक भूमिका आहे. अशी भूमिका काही समाजांत असते, काहींत नसते. ती असल्यानं समाजाचं एक कामही होतं: समोर एक ठसठशीत 'तसला' माणूस उभा केला, की बाकीच्या सगळ्यांना आपण त्यातले नाही याची खात्री वाटते, आणि सीमेजवळ रेंगाळणारे निमूट मागे फिरतात. इंग्लंडमध्ये ही भूमिका सतराव्या शतकाच्या अखेरीस आकाराला आली, असं त्यांनी मांडलं. आठ वर्षांनी फ्रेंच विचारवंत मिशेल फुको यांनी याच दिशेनं युरोपातल्या वैद्यकाचा इतिहास तपासला. पूर्वी धर्मसत्ता आणि कायदा एका कृत्याला पाप किंवा गुन्हा म्हणत. कृत्य कुणाकडूनही घडू शकत होतं. एकोणिसाव्या शतकातल्या वैद्यकानं त्या कृत्याच्या मागे एक वेगळ्या जातीचा माणूस शोधला, त्याचं बालपण, त्याचा स्वभाव, त्याची चालण्याबोलण्याची ढब अशी सगळी नोंद केली. कृत्याचा माणूस झाला.

हा बदल फक्त डॉक्टरांच्या वह्यांमुळे झाला नाही. इतिहासकार जॉन डिमिलिओ यांनी १९८३ मध्ये मांडलेलं स्पष्टीकरण मला अजूनही सर्वांत जमिनीवरचं वाटतं. जोवर कुटुंब हाच पोटाचा आधार होता, शेत किंवा कारागिरी सगळ्यांच्या हातांवर चालत होती, तोवर लग्न न करता, मुलं न होऊ देता जगणं म्हणजे उपाशी राहणं. अशा जगातही पुरुषाला पुरुषाची आणि स्त्रीला स्त्रीची ओढ वाटत असणारच, पण त्या ओढीभोवती आयुष्य उभारायला जागा नव्हती. मजुरी आणि पगार आल्यावर माणूस एकटा कमावू लागला, एकट्याच्या नावावर खोली भाड्यानं घेऊ लागला. शहरात त्याला आपल्यासारखी आणखी माणसं भेटली. दुसऱ्या महायुद्धानं लाखो तरुण-तरुणींना घरापासून उचलून फक्त पुरुषांच्या किंवा फक्त स्त्रियांच्या गर्दीत नेऊन ठेवलं. अमेरिकेत अनेकांना आपण एकटे नाही हे तिथेच पहिल्यांदा समजलं. ओढ जुनी होती. तिच्या आधारे 'आम्ही' म्हणण्याची सोय नवी होती. हे कळलं की आणखी एक गोष्ट उलगडते: स्त्रियांची ही ओळख पुरुषांच्या मानानं उशिरा का दिसू लागली? कारण त्यांच्या हातात स्वतःचा पगार उशिरा आला आणि तोही कमी आला.

आणि मग या गोष्टीला कलाटणी मिळाली. हिणवण्यासाठी, वर्गीकरणासाठी बनवलेला साचा त्यात कोंबलेल्या माणसांनीच हाती घेतला. तुम्ही आम्हाला एक जमात ठरवलं ना, मग आम्ही जमात म्हणून बोलू. २८ जून १९६९ च्या पहाटे न्यू यॉर्कमधल्या स्टोनवॉल इन या समलिंगी लोक जमत त्या बारवर पोलिसांची धाड पडली. अशा धाडी नेहमीच्या होत्या. त्या रात्री मात्र लोक पळाले नाहीत. वर्षभरानं त्या दिवसाच्या स्मरणार्थ निघालेल्या मोर्चांतूनच आजच्या प्राइड मिरवणुकांची परंपरा सुरू झाली.

इथे एक गोष्ट स्वच्छ ठेवायला हवी, कारण बहुतेक गोंधळ तिच्याभोवतीच होतो. ओढ, वर्तन आणि ओळख या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एडवर्ड लॉमन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या सर्वेक्षणात या तिन्ही वेगवेगळ्या विचारल्या होत्या. स्वतःला समलिंगी किंवा उभयलैंगिक म्हणवणारे पुरुष निघाले २.८ टक्के आणि स्त्रिया १.४ टक्के. पण ओढ, अनुभव किंवा ओळख यांपैकी एक तरी गोष्ट असलेले मोजले, तर पुरुष दहा टक्क्यांच्या आसपास आणि स्त्रिया साडेआठ टक्क्यांहून जरा अधिक. 'समाजात असे किती लोक आहेत?' या प्रश्नाला एक आकडा नाही, कारण 'असे' म्हणजे कसे हे आधी ठरवावं लागतं. एचआयव्हीवर काम करणाऱ्यांनाही हे फार लवकर कळलं. 'गे' पुरुषांसाठी छापलेली माहिती त्या अनेकांपर्यंत पोहोचतच नव्हती, जे पुरुषांशी संबंध ठेवत होते पण स्वतःला गे समजत नव्हते. म्हणून 'पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष' असा लांबलचक, ओळखीचं नाव टाळणारा शब्दप्रयोग आरोग्यसेवेत रूढ झाला.

हा फरक किती खोल असू शकतो, हे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ लॉड हम्फ्रीज यांच्या १९७० च्या अभ्यासातून दिसलं होतं. त्यांची पद्धत निषेधार्हच होती: सार्वजनिक स्वच्छतागृहांत अनोळखी पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्यांच्या गाड्यांचे नंबर त्यांनी टिपले आणि वर्षभरानंतर वेष बदलून, आरोग्याच्या पाहणीचं निमित्त काढून त्यांची घरं गाठली. त्या माणसांची ही फसवणूक होती. पण जे हाती लागलं ते विसरता येत नाही. त्यांतले ५४ टक्के पुरुष लग्न झालेले, पत्नीसोबत राहणारे होते, आणि लपून जगणाऱ्यांपैकी अनेकांची जाहीर मतं इतरांहून अधिक कर्मठ होती. असल्या प्रकारांवर पोलिसांनी आणखी कडक कारवाई करावी, असंही त्यांना वाटत होतं. त्यांच्या बायकांचा विचार केला की मला जास्त वाईट वाटतं. ओळख नाकारण्याची किंमत फक्त नाकारणारा भरत नाही.

आता आक्षेपाकडे येतो, कारण तो खरा आहे आणि त्याला उत्तर द्यायलाच हवं. 'ओळख समाजानं घडवलेली असते असं तुम्हीच म्हणता. मग ती खोटी झाली, किंवा निदान बदलता येण्यासारखी झाली. मग आम्ही बदला म्हटलं तर बिघडलं कुठे?'

सामाजिक म्हणजे ऐच्छिक, हे समीकरणच चुकीचं आहे. मातृभाषेचं पाहा. कोणतंही मूल एखादी विशिष्ट भाषा रक्तातून घेऊन येत नाही. बोलण्याची क्षमता उपजत असते, भाषा मात्र आजूबाजूच्या माणसांकडून मिळते. ती पूर्णपणे सामाजिक गोष्ट आहे. तरी कुणी प्रौढ माणसाला म्हटलं, की शिकलेलीच आहे ना, मग विसर आणि उद्यापासून दुसऱ्या भाषेत स्वप्नं पाहा, तर ते जमणार आहे का? आणि जमलं असतं तरी तसं सांगण्याचा अधिकार कुणाला आहे? दुसरं उदाहरण धर्माचं. धर्म उपजत नसतो, तो बदलता येतो, अनेक जण बदलतातही. म्हणून जगातल्या राज्यघटनांनी धर्मस्वातंत्र्याला कमी लेखलं का? उलट तो बदलण्याचं स्वातंत्र्यही त्यातच धरलं. ज्या गोष्टीभोवती माणूस आपलं आयुष्य रचतो, तिला संरक्षण मिळतं ते ती आयुष्यासाठी महत्त्वाची असते म्हणून. गुणसूत्रांचा दाखला कुणी मागत नाही. फक्त समलिंगी माणसाकडूनच तो मागितला जातो.

दाखल्याचं म्हणाल, तर विज्ञान तो अशा सोप्या रूपात देतही नाही. २०१९ मध्ये पावणेपाच लाखांहून अधिक लोकांच्या जनुकीय माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. 'गे जीन' असा एकच जनुक सापडला नाही. अगदी बारीक परिणाम करणारे अनेक जनुकीय फरक दिसले, आणि ते सगळे मिळून समलिंगी वर्तनातल्या फरकाचा ८ ते २५ टक्के भाग समजावू शकत होते. उरलेलं काय? गर्भातलं वातावरण, वाढ, योगायोग, सगळंच. आणि कल ठरवून बदलण्याच्या तथाकथित उपचारांचा अनुभव जगभर एकच आहे: कल बदलत नाही, माणूस मोडतो. तात्पर्य, जनुकांत सगळं लिहिलेलं नाही आणि तरी ते निवडलेलंही नाही. माणसाविषयीच्या बहुतेक महत्त्वाच्या गोष्टी याच मधल्या प्रदेशात असतात.

या सगळ्यात एक प्रश्न कुणीच विचारत नाही: भिन्नलिंगी असणं जन्मजात असतं का? त्याचं कारण कुणी शोधत नाही, त्याचा पुरावा कुणी मागत नाही. खरं तर 'हेटरोसेक्शुअल' हा शब्दही त्याच पत्रात, त्याच दिवशी जन्मलेला. सुरुवातीला तोही काही चांगल्या अर्थाचा नव्हता. १९२३ च्या वेबस्टर शब्दकोशात त्याचा अर्थ विरुद्धलिंगी व्यक्तीविषयीची विकृत कामवासना असा दिला होता. १९३४ च्या आवृत्तीत तीच गोष्ट सामान्य ठरली. अकरा वर्षांत लोकांची शरीरं बदलली नव्हती. बदलली होती ती कामेच्छेकडे पाहण्याची रीत. मूल होणं हेच तिचं एकमेव समर्थन राहिलं नव्हतं. १९८० मध्ये अमेरिकी कवयित्री एड्रिएन रिच यांनी याहून टोकदार प्रश्न विचारला: स्त्रीनं पुरुषाकडेच वळणं इतकं नैसर्गिक असेल, तर तिला तिकडे वळवण्यासाठी एवढा बंदोबस्त कशाला लागतो? मालमत्तेचे नियम, अर्धा पगार, एकटीच्या चारित्र्यावरचा संशय, लग्नाचा तगादा. रिच यांचं सगळं मला पटत नाही; पुरुषावर मनापासून प्रेम करणाऱ्या स्त्रियांना त्या कमी जागा देतात असं वाटतं. पण बंदोबस्ताचा मुद्दा बिनतोड आहे. 'मुलगी कधी बघणार?' हा प्रश्न विचारणाऱ्याला आपण लैंगिकतेविषयी बोलतो आहोत याची जाणीवही नसते. बहुसंख्याकांची ओळख ही ओळख आहे असंच वाटत नाही.

मग ही सगळी रचना गेल्या अर्धशतकात एवढ्या वेगानं कशी हलली? मे १९७२ मध्ये डॅलसला अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या वार्षिक अधिवेशनात एक डॉक्टर रबरी मुखवटा, विग आणि अंगापेक्षा मोठा कोट घालून, आवाज बदलणाऱ्या माइकवरून बोलला. मी समलिंगी आहे आणि मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, असं त्यानं सांगितलं. जॉन फ्रायर हे त्याचं नाव उघड व्हायला वीसहून अधिक वर्षं गेली. त्या भाषणानंतर दीड वर्षानं, डिसेंबर १९७३ मध्ये, त्या संघटनेनं समलैंगिकतेला मानसिक आजारांच्या यादीतून काढलं. जागतिक आरोग्य संघटनेला तेच करायला १७ मे १९९० उजाडलं. पारलिंगी, म्हणजे जन्मावेळी नोंदलेल्या लिंगाहून वेगळी ओळख असलेल्या, माणसांची ओळख मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर यायला तर २०१९ साल उजाडावं लागलं. (लैंगिक कल आणि लिंगभाव या दोन गोष्टी आज आपण वेगळ्या मानतो, उल्रिक्सच्या 'स्त्रीच्या आत्म्या'त त्या एकच होत्या. रेषा कुठे आखायची हेही काळच ठरवतो.)

यादी बदलली, पण मनं यादीमुळे बदलत नाहीत. अमेरिकेत समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारे १९९६ मध्ये २७ टक्के होते, २०२१ मध्ये ७० टक्के. वर्ण, वर्ग किंवा धर्म यांविषयीचे पूर्वग्रह इतक्या झपाट्यानं ओसरल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. कारण माझ्या मते साधं आणि समाजशास्त्रीय आहे. इतर अल्पसंख्य समूह वेगळ्या वस्तीत, वेगळ्या घरांत राहतात, त्यांना आयुष्यभर न भेटताही राहता येतं. समलिंगी मूल मात्र कोणत्याही घरात जन्मतं: न्यायाधीशाच्या, धर्मगुरूच्या, विरोधी पक्षाच्या नेत्याच्या. ते बोललं नाही तर अदृश्य राहतं. बोललं की पूर्वग्रहाला जेवणाच्या टेबलावर त्याच्या समोर बसावं लागतं. सॅन फ्रान्सिस्कोमधले उघडपणे समलिंगी असलेले लोकप्रतिनिधी हार्वी मिल्क १९७८ मध्ये आपल्या लोकांना कळवळून सांगत होते, की घरच्यांना सांगा, शेजाऱ्यांना सांगा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचा खून झाला. १९८१ नंतर एड्सच्या साथीनं अनेकांना ते सांगावंच लागलं, आणि मरणाऱ्या जोडीदाराच्या खाटेपाशी बसायलाही कायद्यानं आपण कुणीच नाही, हे त्यातूनच उमगलं. लग्नाची मागणी हौसेतून आलेली नाही, ती त्या दवाखान्यांच्या दारातून आली. १ एप्रिल २००१ रोजी नेदरलँड्सनं पहिल्यांदा ती मान्य केली.

पण ही चढण एकाच दिशेची नाही. त्या ७० टक्क्यांचा आकडाही पुढे थबकला. साठांहून अधिक देशांत समलिंगी संबंध आजही गुन्हा आहेत. युगांडानं २०२३ मध्ये काही प्रकरणांत मृत्युदंडाची तरतूद केली, आणि त्याच वर्षी रशियाच्या सर्वोच्च न्यायालयानं या साऱ्या चळवळीलाच अतिरेकी ठरवलं. ही ओळख परकी आहे, असं अशा ठिकाणी नेहमी सांगितलं जातं. परका होता तो कायदा. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं १८६० च्या भारतीय दंडसंहितेतलं ३७७ कलम ब्रिटिशांनी लिहिलं, आणि त्याची भावंडं त्यांच्या इतर वसाहतींत पसरली. ब्रिटननं स्वतःच्या घरात १९६७ मध्ये सुरुवात केली, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाला प्रौढांच्या संमतीचे संबंध गुन्ह्यातून बाहेर काढायला ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत थांबावं लागलं, आणि कित्येक माजी वसाहती तो वारसा अजून जपून आहेत.

हल्ली नवी भीती आहे ती तरुणांच्या आकड्यांची. अमेरिकेत स्वतःला एलजीबीटी (समलिंगी, उभयलैंगिक किंवा पारलिंगी) म्हणवणारे प्रौढ २०१२ मध्ये साडेतीन टक्के होते, २०२४ मध्ये नऊ टक्क्यांच्या पुढे गेले. सर्वांत तरुण प्रौढ पिढीत तर पाचातला एक. 'ही फॅशन आहे' असं म्हणणाऱ्यांची मी टिंगल करणार नाही. आईबापांची काळजी खरी असते. पण वाढीचा मोठा हिस्सा उभयलैंगिक म्हणवणाऱ्यांचा, त्यातही तरुण स्त्रियांचा आहे. पुरुषाशी लग्न करून ज्यांचं ते अंग पूर्वी कुणालाच, कधी कधी त्यांनाही, कळलं नसतं, त्यांच्याकडे आज शब्द आहे आणि तो उच्चारण्याची किंमत कमी झाली आहे. शब्द मिळाल्यावर माणूस स्वतःकडे वेगळ्या नजरेनं पाहतो हेही खरं, म्हणून काहींच्या बाबतीत ओळख पुढे बदलेल. बदलू दे. विशीत मानलेला देव चाळिशीत न मानणाऱ्याला आपण विशीतल्या श्रद्धेबद्दल शिक्षा करत नाही.

माझ्या बाजूच्या लोकांना मात्र एक सांगायचं आहे. 'आम्ही असेच जन्मलो' ही घोषणा आपल्याला उपयोगी पडली, पण ती सगळ्यांना कवेत घेत नाही. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ गेल रुबिन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं, की समाज लैंगिकतेभोवती एक कुंपण घालतो. आत मान्य, बाहेर निंद्य. कुंपण हललं तरी ते जात नाही. आज आत आली ती स्थिरस्थावर, कमावती, लग्न करू पाहणारी, लहानपणापासून 'खात्री' असलेली जोडपी. पंचेचाळिसाव्या वर्षी, दोन मुलं झाल्यावर जिला स्वतःविषयी उमगलं, ती काय सांगणार? ज्याला दोन्हींची ओढ आहे, त्याला 'मग तू सोपा रस्ता का निवडत नाहीस?' असं विचारलं, तर त्यानं कोणता दाखला द्यायचा? ज्याला कुणाचीच शारीरिक ओढ वाटत नाही, त्याचं काय? उपजतपणाची अट यांना पुन्हा दाराबाहेर उभं करते, आणि या वेळी दार लावणारे आपण असतो.

पुराव्याची ही हाव कुठवर जाते, हे एका खटल्यात दिसलं. एप्रिल २०१५ मध्ये नायजेरियातून आलेल्या एका माणसानं हंगेरीत आश्रय मागितला. न्यायालयाच्या कागदांत त्याचं नाव नुसतं 'एफ' असं आहे. मी समलिंगी आहे, परत पाठवलं तर माझा छळ होईल, असं त्यानं सांगितलं. त्याच्या सांगण्यात मूलभूत विसंगती नाही, हे अधिकाऱ्यांनीही मान्य केलं. तरी त्याला मानसशास्त्रीय तपासणीला बसवलं. तिथे शाईचे डाग दाखवून काय दिसतं ते विचारण्याची चाचणी होती, चेहऱ्यांच्या फोटोंतून निवड करण्याची चाचणी होती, आणि पावसात उभ्या असलेल्या माणसाचं चित्र काढण्याची एक होती. हा समलिंगी असल्याची पुष्टी करता येत नाही, असा अहवाल आला आणि अर्ज फेटाळला गेला. अशा चाचण्यांवरून कुणाचा कल ठरवता येणार नाही, हा खासगी आयुष्यातला अवाजवी हस्तक्षेप आहे, असा निकाल युरोपीय संघाच्या न्यायालयानं दिला तो २५ जानेवारी २०१८ रोजी. परत गेल्यावर त्याच्या वाट्याला काय येईल, हे तपासायचं सोडून पावणेतीन वर्षं तो कोण आहे यावरच खल चालला होता.